पोच

फोन आईचा होता. "तुझ्या अण्णांनी महाएपिसोड उडवला," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. आई गप्प बसली की प्रकरण गंभीर असतं.

सातारच्या घरी टीव्हीखाली रेकॉर्डरवाला सेट-टॉप बॉक्स आहे. २०१४ साली मीच घेऊन दिला होता. चालू कार्यक्रम थांबवून ठेवता येतो, मालिका आपोआप टिपून ठेवता येते, संध्याकाळी देवळातून यायला उशीर झाला तरी काही हुकत नाही, असं त्यांना पटवताना मी सेल्समनच्याही वरताण बोललो होतो. पहिली पाच-सात वर्षं बॉक्सने माझा शब्द राखला. मग हळूहळू रिमोट 'जड' झाला. हा शब्द आईचा. बटण दाबलं की काहीच होत नाही, आणि आपण नाद सोडला की होतं.

महाएपिसोडचं असं झालं: अण्णांनी रेकॉर्डिंगची यादी उघडायचं बटण दाबलं. पडदा ढिम्म. पुन्हा दाबलं, तरी ढिम्म. मग ओके दाबून पाहिलं, दोनदा. शेवटी वैतागून लाल बटण, कारण लाल म्हणजे बंद, हा त्यांचा सरकारी नोकरीतला अनुभव. मग पुन्हा ओके, ओके, ओके. हा सगळा वेळ बॉक्स झोपलेला नव्हता. प्रत्येक बटण त्याने निमूटपणे रांगेत लावून ठेवलं होतं. जाग आली तेव्हा त्याने सगळे हुकूम आले त्या क्रमाने पाळले. यादी उघडली. यादीच्या पडद्यावर लाल बटणाचा अर्थ 'काढून टाका' असा होतो. 'नक्की?' असं त्याने विचारलं, आणि रांगेतला पुढचा ओके उत्तर द्यायला तयारच उभा होता. आईने आदल्या रात्री झोप आवरत नाही म्हणून दुसऱ्या दिवसावर ठेवलेला दोन तासांचा शेवटचा भाग गेला.

"रिमोट बदल," आई म्हणाली.

"रिमोटला काही झालेलं नाही," मागून अण्णा. "ह्याला माणूस लागतो चालवायला."

शनिवारी सकाळी मी पुण्याहून निघालो. पिशवीत स्क्रू ड्रायव्हरचा संच, मल्टिमीटर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली. बँकेत आयुष्य गेलं, तरी कॉलेजात असताना सोल्डरिंगच्या धुराची लागलेली चटक सुटलेली नाही. आणि खरं सांगायचं तर बिघडलेलं काहीतरी असलं की आई-वडिलांकडे जाणं मला सोपं वाटतं. नुसतं जाऊन बसायचं म्हटलं की दुपारी चारनंतर काय बोलावं ते सुचत नाही.

आमच्या घरातला रिमोट म्हणजे रिमोट नव्हेच, ती एक शिदोरी आहे. मूळ रिमोट, त्यावर कंपनीतून आलेलं आणि कधीच न काढलेलं प्लास्टिक, त्यावर बाजारातून आणलेलं पारदर्शक कव्हर, सेलचं झाकण हरवल्यामुळे दोन रबरबँड, आणि सेल घट्ट बसावेत म्हणून घडी घालून कोंबलेली कालनिर्णयच्या पानाची पट्टी. पट्टी मार्चमधली होती. कव्हर पिवळं पडलेलं आणि पुढच्या टोकाला, जिथून किरण बाहेर पडतात नेमकं तिथेच, मेणचटलेलं.

सेल काढले. दोन वेगवेगळ्या जातींचे. मल्टिमीटर लावला तर एक १.४७ व्होल्ट, दुसरा १.१९. अण्णांच्या राज्यात सेल मरत नाही, त्याची बदली होते. आधी टॉर्च, मग रिमोट, मग भिंतीवरचं घड्याळ, जिथे काम जवळपास काहीच नसतं, आणि तिथून सेवानिवृत्ती. हे चक्र तसं चुकीचंही नाही. घड्याळाला इतका किरकोळ प्रवाह पुरतो की रिमोटने टाकून दिलेला सेल तिथे वर्षभर ओढतो. उलट रिमोट दिवसभर स्वस्थ पडून असतो, पण बटण दाबल्याच्या क्षणी त्याला एकदम जोर लागतो, आणि म्हाताऱ्या सेलला नेमका तेवढाच देता येत नाही. इथे मात्र उलटी बदली झालेली दिसत होती. घड्याळातला एक निवृत्त सेल पुन्हा रिमोटमध्ये रुजू झालेला.

"सेल फिरवले की चालतो तो," अण्णा म्हणाले. अंगठ्याने सेल गोल फिरवणं हा आपल्याकडचा घराघरातला उपाय. त्यात चेष्टेचं काही नाही. सेलच्या टोकाला आणि स्प्रिंगला जी बारीक काजळी धरते ती फिरवल्याने खरवडली जाते आणि चार दिवस बरं चालतं. मी टोकं अल्कोहोलने पुसली, नवे अल्कलाइन सेल घातले, पट्टी काढली. रिमोट टीव्हीकडे धरून बटण दाबलं.

एक. दोन. तीन. चार. मग यादी उघडली.

म्हणजे सेल नव्हे. खरं तर हे मला आधीच सुचायला हवं होतं. सेल उतरला की रिमोटचा आवाज बारीक होतो, त्याची बोलण्याची गती कमी होत नाही. ती गती आत बसवलेल्या एका छोट्या सिरॅमिक रेझोनेटरने ठरते. तो पुष्कळ रिमोटांत सेकंदाला ४,५५,००० वेळा थरथरतो, त्याला बाराने भागलं की साधारण ३८,००० येतात, आणि त्या तालावर पुढचा दिवा लुकलुकतो. अशक्त सेलचा रिमोट तुम्हाला खुर्चीतून उठवून टीव्हीजवळ नेईल, हात लांब करायला लावेल. पण एकदा ऐकू गेल्यावर चार सेकंद विचार करायला तो बॉक्सला लावू शकत नाही.

तरीही पुढची परीक्षा घेतलीच, कारण ती अण्णांना दाखवायची होती. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू केला, रिमोटचं नाक त्याच्यासमोर धरलं आणि बटण दाबलं. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका चमकला. हा प्रकाश आपल्या डोळ्यांच्या टप्प्याबाहेरचा, तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर. कॅमेऱ्याला तो दिसतो. मागच्या कॅमेऱ्यावर बहुतेक वेळा तो गाळणारी काच असते, म्हणून सेल्फीचा कॅमेरा वापरायचा.

अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक बटण दाबून बघू लागले. मी नव्या कव्हरचा विचार करत होतो. ते म्हणाले, "अरे, ही तर की आहे."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. अण्णा १९६५ साली पोस्ट आणि तार खात्यात लागले, तारवाले म्हणून. पुढे टेलिप्रिंटर आले, १९८५ साली खात्याची वाटणी होऊन पोस्ट एकीकडे आणि दूरसंचार दुसरीकडे झालं, मग संगणक आले, ते निवृत्त झाले, आणि २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवाच बंद झाली. त्या रात्री बातम्यांत शेवटची तार करायला लागलेल्या रांगा दाखवत होते. अण्णा म्हणाले, "आधी आले असते तर." आणि चॅनल बदललं. तेव्हाचा जुना रिमोट झटपट चालत होता.

आमच्या लहानपणी 'तार आली' या दोन शब्दांनी घरात चूल विझायची. गल्लीत तारवाला सायकलवरून दिसला की बायका दारातच उभ्या राहायच्या, तो कुणाच्या दाराशी थांबतो ते बघत. आमचे वडील त्या सगळ्याच्या पलीकडच्या टोकाला बसलेले. कोण गेलं, कुणाला मुलगा झाला, हे सगळं त्यांच्या कानातून बोटांत आणि बोटांतून कागदावर उतरत असे, पण घरी त्यातलं एक अक्षर येत नसे.

"की म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे दाबलं की चालू, सोडलं की बंद. हा दिवा तेच करतोय ना? फक्त कट्ट-कट्ट ऐकू येत नाही."

मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. दिवा नुसता लागत नाही, त्यात संकेत असतो. अशा रिमोटांत सर्रास दिसणारी एक पद्धत एनईसी या जपानी कंपनीच्या नावाने ओळखली जाते. सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा एक लांब झोत, म्हणजे समोरच्याला 'सावध'. मग साडेचार मिलिसेकंद शांतता. पुढे ३२ खुणा. प्रत्येक खुणेतला प्रकाशाचा झोत अगदी सारखा, अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित जास्त. फरक असतो तो त्याच्यानंतरच्या अंधारात. अंधार तेवढाच आखूड असेल तर शून्य. तिप्पट लांब असेल तर एक.

अण्णा हसले. तारघरातल्या साउंडरचंही, म्हणजे आलेला मोर्सचा निरोप वाजवून ऐकवणाऱ्या यंत्राचंही, असंच होतं म्हणे. लोकांना वाटतं की ठिपक्याचा आवाज छोटा आणि रेघेचा लांब. तसं नसायचं. लोखंडाची पट्टी खाली आपटली की एक 'कट्', वर गेली की दुसरा. ठिपका असो की रेघ, आवाज तेच दोन. ठिपका की रेघ, हे त्या दोन आवाजांच्या मधल्या रिकाम्या जागेवरून ओळखायचं. "नवीन पोरं आवाज ऐकायची," ते म्हणाले, "म्हणून चुकायची."

पुढचं ऐकून तर ते खुर्चीत पुढेच सरकले. त्या ३२ खुणांपैकी पहिल्या आठ म्हणजे पत्ता, कुठल्या यंत्रासाठी निरोप आहे तो. पुढच्या आठ म्हणजे तोच पत्ता उलटा करून, शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य. मग आठ खुणांचा हुकूम, आणि पुन्हा तोच हुकूम उलटा. दोन्ही जुळले नाहीत तर समोरच्याने निरोप टाकून द्यायचा.

"पडताळा!" अण्णा म्हणाले. "आकडे असले की आम्ही शेवटी पुन्हा पाठवायचो. रक्कम चुकली तर कोणाच्या तरी नोकरीवर यायचं."

आणि हुकूमही शब्दांत नसतो. 'आवाज वाढव' असं रिमोट म्हणत नाही, तो एक नंबर पाठवतो. त्या नंबरचा अर्थ काय, ते कोष्टक बॉक्सच्या पोटात असतं. हे तर अण्णांनीच मला समजावलं असतं. शुभेच्छांच्या तारांना ठराविक मजकूर असायचे आणि त्यांना क्रमांक. गिऱ्हाइकाने फॉर्मवर ८ लिहायचं, तारवाल्याने ८ पाठवायचा, आणि पलीकडे लग्नघरात इंग्रजीतून 'दीर्घ व सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा' पोचायच्या. १ म्हणजे दिवाळी. आमच्या मावशीच्या लग्नात एकाच गठ्ठ्यात एकोणीस आठ नंबर आले होते, आणि मामांनी ते मोठ्याने, एकोणीस वेळा वाचून दाखवले होते.

असो. रिमोट उघडायचा होता. स्क्रू नव्हताच. दोन अर्धे भाग खटक्यांनी एकमेकांत बसवलेले. मुदत संपलेलं एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेने फिरवलं, तेव्हा तो कट्कट् करत उघडला. आत बटणांची एकसंध रबरी चादर. प्रत्येक बटणाखाली काळा कार्बनचा गोल, आणि खाली हिरव्या पट्टीवर कंगव्याचे दात एकमेकांत घालावेत तशा नक्षीच्या दोन तारा. बटण दाबलं की काळा गोल त्या नक्षीवर टेकतो आणि मार्ग पुरा होतो. बस, एवढंच. यात बिघडण्यासारखं काही नाही, फक्त मळतं. रबरातून कालांतराने एक तेलकट ओलावा सुटतो आणि तो मध्ये थर धरतो. आमच्या रिमोटमध्ये मात्र रबराचा दोष नसावा. ओकेच्या बटणाखालच्या तेलाला शेंगदाण्याच्या चटणीचा स्पष्ट वास होता.

रबरी चादर साबणाच्या कोमट पाण्याने धुतली, वाळत घातली. पट्टी अल्कोहोलने हलक्या हाताने पुसली. कार्बनचे गोल खरवडायचे नाहीत, नाहीतर तेही निघून जातात आणि मग पेन्सिल घासण्यासारखे उपाय करत बसावं लागतं. पिवळं कव्हर केराच्या टोपलीत गेलं. ते आईने पुन्हा बाहेर काढून धुवून ठेवलं, पण त्यावर आत्ता बोलत नाही.

धुतलेला रिमोट हाताला नवा लागत होता. चारदा दाबायला लागणारं ओके एका दाबात लागत होतं. पण पडद्याला अजून चार सेकंद लागतच होते. एवढ्या वेळात जेवण झालं, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट बॉक्सच्या तोंडावर आलं. उन्हातही तोच अदृश्य प्रकाश रग्गड असतो आणि त्यात बॉक्सचा डोळा दिपतो, म्हणून पडदा ओढला. व्हरांड्यातला जुना सीएफएल बंद करून पाहिला, कारण त्या दिव्यांचं आतलं सर्किट रिमोटच्या तालाच्या आसपासच फडफडतं. थोडा फरक पडला असेल नसेल. संशयित संपत आले होते.

मग अण्णाच म्हणाले, "बॉक्सवरचा तो हिरवा ठिपका बघ."

मी रिमोटकडे बघत होतो. तासभर रिमोटकडेच बघत होतो. बॉक्सच्या तोंडावर एक बारीक दिवा असतो, हुकूम पोचला की तो पापणी लवल्यासारखा लवतो. त्याच्यावर आईने विणलेल्या क्रोशाच्या रुमालाचं टोक आलं होतं. रुमाल बाजूला केला. अण्णांनी बटण दाबलं. दिवा त्याच क्षणी लवला. पडदा चार सेकंदांनी हलला.

पुन्हा. दिवा लगेच, पडदा चार सेकंदांनी.

म्हणजे निरोप पोचत होता. खुर्चीपासून बॉक्सपर्यंतचे तीन मीटर प्रकाशाने सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात कापले होते. सगळा निरोप, पडताळ्यासकट, सत्तर मिलिसेकंदांत सांगून संपला होता. उरलेला सगळा उशीर बॉक्सच्या पोटातला. आम्ही मात्र महिनोन्‌महिने हातातल्या वस्तूला बोल लावत होतो, आपटत होतो, तिचे सेल बदलत होतो. काउंटरवरच्या कारकुनाला जनता शिव्या देते तेव्हा फाइल आतल्या खोलीत अडकलेली असते. बँकेत पस्तीस वर्षं काउंटरमागे काढलेल्या माणसाला हे तासभर सुचू नये.

रुमाल उचलला तर खालून तव्यासारखी धग. हवा जायच्या जाळीवर क्रोशाची फुलं आणि फुलांमध्ये धूळ. हा बॉक्स रात्री 'बंद' केला तरी बंद होत नाही, नुसता दिवा लाल होतो. त्यातली हार्ड डिस्क, मिनिटाला काही हजार फेरे घेणारी, रात्रंदिवस काहीतरी लिहीत असते. तुम्ही रेकॉर्ड करा म्हणून सांगितलं नाही तरी चालू चॅनल ती टिपत राहते, कारण न जाणो तुम्हाला फोन आला आणि तुम्ही 'थांब' म्हणालात तर. नऊ-दहा वर्षं एक डिस्क अशी अखंड फिरत होती. त्यातले काही भाग झिजलेले असणार. असा भाग वाचता आला नाही की डिस्क पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा करते, आणि तेवढा वेळ बाकी सगळं खोळंबतं. त्यात ती ९७ टक्के भरलेली.

कशाने भरलेली? आईच्या मालिकांनी. अळूवडीच्या तीन वेगवेगळ्या कृतींनी, ज्या बघून आई तिच्या चौथ्याच पद्धतीने अळूवडी करते. २०१९ च्या एका सामन्याने, जो हरल्यामुळे अण्णा पुन्हा बघत नाहीत आणि पुसूही देत नाहीत. आणि यादीच्या तळाशी, कुलपाचं चिन्ह लावलेलं, साडेतीन तासांचं एक रेकॉर्डिंग. पुण्याची विसर्जन मिरवणूक, थेट प्रक्षेपण. त्यात एक तास बेचाळीस मिनिटांवर माझी मुलगी ढोल वाजवताना दिसते. अकरा सेकंद.

मी म्हटलं, हे सोडून बाकी सगळं काढू या. मग म्हटलं, सरळ नवा बॉक्स घेऊ, हे एक नव्यावर घालून घेऊ. मदत क्रमांकावर फोन केला. पोरगी नम्र होती. रेकॉर्डिंग दुसरीकडे हलवता येत नाही, सर. ते या बॉक्सच्या कार्डाला बांधलेलं असतं, डिस्क काढून संगणकाला लावली तरी उघडणार नाही. साडेतीन तासांची मिरवणूक आमच्या घरात आहे, आमच्या डिस्कवर आहे, पण आमची नाही. या गोष्टीचा मला अजून राग आहे. व्हीसीआरच्या कॅसेटला असली मिजास नव्हती. १८० मिनिटांची कॅसेट काढली, शेजाऱ्याला दिली, त्याच्या यंत्रात लावली, की चालली. अमेरिकेत घरच्या रेकॉर्डिंगवर मोठा खटला झाला होता, आणि १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नंतर बघण्यासाठी घरी टिपून ठेवणं यात काही गैर नाही. टिपायला कोणाची ना नाही. फक्त टिपलेलं तुमचं किती, ते आता बॉक्स ठरवतो.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "सर, एकदा मेन स्विचवरून बंद करून पाहिलंत का?"

नव्हतं पाहिलं. साबण, अल्कोहोल, ४,५५,००० थरथराट, सगळं झालं होतं, हे सोडून. मेन स्विच बंद केला. बॉक्सला पहिल्यांदाच गार होऊ दिलं. आईने चहा टाकला. आणि जी वेळ मला अवघड जाते ती, चारनंतरची, आली.

चहा घेताना अण्णांनी स्वतःहून व्हीसीआरचा विषय काढला. मला तो आठवतच होता. गणपतीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता भाड्याने आणलेला व्हीसीआर, सोबत रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटा. पैसे वसूल व्हायला हवेत म्हणून पहाटेपर्यंत तिन्ही बघायच्या, तिसरी अर्धवट झोपेत. मला आठवत होती ती चित्रं. अण्णांना आठवत होतं ते बटण. "दाबायला जोर लागायचा. पण खट् करून खाली बसायचं. आणि आत कॅसेट घरंगळल्याचा आवाज यायचा. म्हणजे कळायचं, घेतलं म्हणून."

मी त्यांना सांगितलं की १९५६ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीचा जो रिमोट आला, रॉबर्ट अ‍ॅडलर नावाच्या शास्त्रज्ञाचा, त्यात सेलच नव्हते. बटण दाबलं की आत एक छोटा हातोडा अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर बसायचा. दांडीतून माणसाला ऐकू न येणारा नाद निघायचा आणि टीव्ही तो ऐकायचा. माणसाला ऐकू यायचा तो हातोड्याचा खटका. तिथले लोक पुढे कितीतरी वर्षं रिमोटला 'क्लिकर'च म्हणत राहिले.

"बरोबर," अण्णा म्हणाले. "पोच पाहिजे."

मग ते बरंच बोलले, त्यांच्या मानाने. लाइनवर निरोप दिला की समोरचा आर द्यायचा, म्हणजे मिळालं. आर आल्याशिवाय तारेच्या फॉर्मवर वेळ टाकायची नाही, सही करायची नाही. आर नाही आला तर निरोप गेलाच नाही असं धरून पुन्हा द्यायचा. रात्री-अपरात्री, लाइनवर कडाडत असलं तरी. "आणि समोरच्याला दुसरं काम असलं तर तो एएस द्यायचा. म्हणजे थांबा. मग आपण थांबायचो. पाच मिनिटं थांबलो तरी राग नाही यायचा, कारण त्याने सांगितलंय ना, थांबा म्हणून." त्यांनी बंद टीव्हीकडे बोट केलं. "ह्याला आर देता येत नाही, ठीक आहे. निदान एएस तरी?"

मला त्या क्षणी त्यांचे ते ओके, ओके, ओके वेगळे दिसले. मी तो म्हातारपणाचा उतावीळपणा धरून चाललो होतो. खरं तर आईला तसं बोललोही होतो, फोनवर. रिमोटला तोंड आहे, कान नाहीत. तो बोलतो आणि मिटतो. समोर पोचलं की नाही, हे त्याला कधीच कळत नाही, म्हणून तो धरणाऱ्यालाही कळत नाही. अडतीस वर्षं ज्या माणसाला शिकवलं की पोच आली नाही तर पुन्हा पाठव, तो पुन्हा पाठवत होता.

हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. आईला मात्र रात्री स्वयंपाकघरात सांगितलं. ती म्हणाली, "ते खरं, पण महाएपिसोड गेला तो गेलाच."

वीस मिनिटांनी बॉक्स सुरू केला. तो उठायला सात मिनिटं लागली. मालिकांचे जुने भाग काढले. आई शेजारी बसून एकेकाला निरोप देत होती, आणि अळूवडीच्या एका कृतीला तिने ऐनवेळी अभय दिलं. रुमालाची घडी कपाटात गेली. चार सेकंदांचा सव्वा सेकंद झाला. चॅनल बदलायला अजून थोडा वेळ लागतो, पण तेवढा धडधाकट बॉक्सलाही लागतो. पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत आणि कुलूप उघडायची किल्ली मिळेपर्यंत त्याला थांबावंच लागतं.

डिस्क मात्र फार दिवसांची नाही. तेव्हा रविवारी सकाळी मी ती मिरवणूक लावली, एक तास बेचाळीसवर आणली, आणि मोबाइल टीव्हीसमोर धरून अकरा सेकंद चित्रित केली. चित्र थरथरतं, पडद्यावर रेघा आहेत, खिडकीचं प्रतिबिंब आहे. ढोलापेक्षा आईचाच आवाज मोठा आलाय, "ती बघ, ती बघ, डावीकडची." तीन वेळा केलं. तिन्ही वेळा आई तेच बोलली.

निघताना मी बूट घालत होतो, तेव्हा बातम्यांची वेळ झाली होती. अण्णांनी रिमोट उचलला, बॉक्सकडे धरला, एकदाच दाबला आणि खाली ठेवला. दिवा लवला. पडदा अजून काळा होता. त्यांचं बोट खुर्चीच्या लाकडी हातावर आपोआप वाजलं: एक आखूड, एक लांब, तीन आखूड. मोर्स मला येत नाही. पण तेवढं एक अक्षर मी आदल्या दिवशी फोनवर शोधून ठेवलं होतं.